कारच्या दाराखाली गंजून भोक पडलंय, घरी दुरुस्त होईल का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून गाडी २००९ ची आहे. मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाखाली फोड आलेत, ड्रायव्हरच्या दाराखाली बोट जाईल एवढं भोक आहे, आणि गॅरेजवाला म्हणतोय, "लांबी भरून देतो, कळणार पण नाही." (लांबी म्हणजे पत्र्यावरचे खड्डे भरायची पुट्टी.) खरं बोलतोय तो. पुढच्या दिवाळीपर्यंत नाही कळणार.

मी सांगलीचा, घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमची ओम्नी गल्लीतच अडकली. पाणी ओसरल्यावर इंजिन खोललं, वायरिंग बघितलं, सीटा वाळवल्या. दाराखालच्या पोकळ डबल पत्र्यात बसलेला गाळ मात्र कुणाच्या ध्यानात आला नाही. दीड वर्षात तिथं भोक पडलं. एका गॅरेजमध्ये लांबी भरून, रंग मारून घेतला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, त्या वेळी गाडी आधीच विश्रामबागला नेऊन ठेवली होती. तरी दिवाळीत त्याच जागी फोड! अंगठ्यानं दाबलं तर लांबीचं ढेकूळच हातात आलं. त्याच्या मागं वर्तमानपत्राचा चुरगाळलेला बोळा, ओलागच्च. ऊसदराच्या आंदोलनाची बातमी अजून वाचता येत होती. लांबीला टेकू म्हणून कोंबला होता गड्यानं.

तेव्हा भोक कसं बुजवायचं हे नंतर. गंज आतून आलाय की बाहेरून, ते आधी बघा. खडा उडून रंगाचा टवका गेला आणि तिथं लाल डाग पडला, तर तो बाहेरचा. रविवारी घरी बसून निघतो. फोड आला असेल तर बहुतेक वेळा आतल्या बाजूनं पत्रा खाल्लेला असतो. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंग उचलतो. पेचकसाच्या मुठीनं आसपास ठोकत जा. धड पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथं टोक दाबा. आज बोटाएवढं दिसणारं भोक शेवटी तळहाताएवढं निघालं तर दचकू नका.

कमानीवरचे फोड वायर ब्रशनं आणि ८० नंबरच्या घासायच्या पेपरनं चकाकता पत्रा दिसेपर्यंत खरवडा. कडेला रंग, प्रायमर, पत्रा अशी वर्तुळं दिसली पाहिजेत आणि बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. खड्ड्यांत काळे ठिपके उरतातच, त्यांना फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा आणि डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा. मग एपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, पुन्हा प्रायमर, मग रंग. खरवडताना आरपार झालं तर मात्र ते भोकच समजा.

लांबीचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळे तिथंच फसतात. १०० ग्रॅम लांबीला साधारण २ ग्रॅम हार्डनर पुरतो. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला की पुढं रंगातून डाग वर येतो, पांढऱ्या गाडीवर तर हमखास. दुसरं, लांबी पाणी पिते. आपल्याकडं ती पाणी मारून वॉटर पेपरनं घासायची सवय आहे. ते पाणी आत मुरतं आणि वरून रंगाचं झाकण बसतं. कोरडी घासा. धूळ उडेल, तोंडाला मास्क लावा. आणि लांबी खाच सपाट करायला असते, भोक बुजवायला नाही.

दाराखालच्या भोकावर फायबर मॅटही चिकटवू नका. आपल्या कारला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, तो डबल पत्राच वजन पेलतो. जॅकही तिथंच लागतो. तिथं कापून वेल्डिंगच. धड पत्रा लागेपर्यंत कापायचं, कपाटं बनवणाऱ्याकडून मूळ पत्र्याएवढ्या जाडीच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा तुकडा आणायचा आणि पुठ्ठ्याच्या मापानं कापून बसवायचा. वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे वायरवालं मिग, घ्या. गॅसच्या ज्योतीनं पातळ पत्रा वाकडातिकडा होतो. एक टाका इकडं, पुढचा लांब तिकडं, मध्ये थंड होऊ द्यायचं. डेंटरला (पत्र्याचं काम करणाऱ्याला) घाई असेल तर दुसरा डेंटर बघा.

हे वेल्डिंग घरी करू नका असं मी म्हणेन. मी स्वतः २०२२ च्या उन्हाळ्यात कुपवाडला एका डेंटरच्या शेडमध्ये दोन रविवार बसलो. खरवडणं, प्रायमर माझं, टाके त्याचे. आधी बॅटरीची वायर काढली, सीट आणि कार्पेट बाहेर घेतलं, पेट्रोलची लाइन कुठून जाते ते बघून ठेवलं. गाडीला एलपीजी किट असेल तर डेंटरला आधीच सांगा, ठिणगी उडाल्यावर नको.

टाके घासून झाल्यावर बाहेरून सगळं चकचकीत दिसतं, पण आतल्या बाजूला वेल्डिंगनं प्रायमर जळलेला असतो आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. बारीक नळीनं आत बॉडी वॅक्स (पोकळीत मारायचं, गंज रोखणारं मेण) मारा. जळकं काळं ऑइल मारायला सांगणारे भेटतील, पण त्यानं रबरं फुगतात आणि पुढं कधी त्या जागी रंग धरत नाही. दाराच्या आणि त्या डबल पत्र्याच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती तारेनं मोकळी करा. आमच्या गाडीतून तारेबरोबर २०१९ चा गाळ आला, वाळून विटकरीसारखा झालेला.

रंगाचं काम पावसाळ्यात काढू नका. पाऊस संपेपर्यंत भोकाच्या कडेला प्रायमर मारून ते उघडंच राहू द्या. टेप लावून बंद केलंत तर आत पाणी साठेल.

ओम्नीचा तो पत्रा अजून टणटण वाजतो. मागच्या दाराच्या काचेखाली मात्र नवा फोड दिसतोय, मार्चमध्ये उघडणार आहे.