‘कॉमन सेन्स’, तारतम्य आणि ताळा

प्रश्न असा आला आहे: एका भाषणाच्या मसुद्यात ‘समाजात सामान्य ज्ञानाची पुनर्स्थापना व्हायला हवी’ असं वाक्य लिहिलं. मनात होतं, ‘कॉमन सेन्स परत यायला हवा’. वाचताना वाक्य खटकतंय, पण नेमकं काय चुकलं ते कळत नाही. मग शब्द कोणता वापरावा?

तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. ‘सामान्य ज्ञान’ हा शब्द मराठीत केव्हाच दुसऱ्या कामाला लागला आहे. देशांच्या राजधान्या, कोणता शोध कोणी लावला, स्पर्धा परीक्षेचा तो पेपर, हे झालं सामान्य ज्ञान. ते भरपूर असूनही एखाद्याला कॉमन सेन्स नसतो, आणि कधी शाळा न पाहिलेल्या माणसाजवळ तो पुरेपूर असतो. ‘पुनर्स्थापने’कडे मागाहून येतो, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

आधी नाम. शब्द नुसते कोशात पाहून पारखता येत नाहीत, म्हणून एक प्रसंग घेतो. आईचा पाय मोडला होता, तेव्हा तिला एका रुग्णालयात नेलं. पाय जमिनीला टेकवता येत नव्हता. दाराशी चाकाची खुर्ची मागितली. खिडकीतला माणूस म्हणाला, खुर्ची मिळेल, पण रजिस्टरवर पेशंटची सही लागते. रजिस्टर वरच्या मजल्यावर आहे आणि सही पेशंटने स्वतः येऊन करायची. मी म्हटलं, ‘अहो, तिला चालता येत नाही म्हणूनच तर खुर्ची हवी आहे.’ तो म्हणाला, ‘नियम आहे.’ आवाजात उद्धटपणा नव्हता. थोड्या वेळाने शेजारच्या टेबलावरच्या बाई काही न बोलता उठल्या, वर गेल्या, रजिस्टर काखेत मारून खाली आल्या. ते आईच्या मांडीवर उघडून धरलं, बोटाने रकाना दाखवला आणि म्हणाल्या, ‘इथे करा सही, आजी.’

आता सांगा, त्या खिडकीतल्या माणसाजवळ काय नव्हतं?

ज्ञान होतं, नियम त्याला तोंडपाठ होता. व्यवहारज्ञान म्हणावं, तर तेही होतं. उद्या कोणी विचारलं तर आपल्यावर ठपका येणार नाही, एवढा व्यवहार त्याला चोख कळत होता. ‘व्यवहारज्ञान’ हा प्रतिशब्द अनेक जण सुचवतात, पण त्यात देण्याघेण्याचा, लाभहानीचा हिशेब येतोच. माणसं नुसती व्यवहारी झाली म्हणून समाज समंजस होत नाही. ‘विवेक’ हा फार सुंदर शब्द. त्याच्या मुळाशी वेगळं काढण्याची, निवडण्याची क्रिया आहे, ‘सारासार’मध्ये सार आणि असार शेजारी शेजारी बसले आहेत तसं. पण मराठीत विवेकाच्या मागोमाग वैराग्य येतं. एका खुर्चीसाठी एवढा मोठा शब्द नको.

‘अक्कल’ चपखल बसते, पण ती जाहीर भाषणात चालायची नाही. या शब्दाचं मूळ अरबी. तिथे याच धातूपासून उंटाचा पाय बांधायच्या दोरीचा शब्द येतो. म्हणजे मोकाट सुटू न देणारी ती अक्कल. मराठीत मात्र ती रागावण्याच्याच कामी येते: अक्कल आहे का, अक्कल गहाण ठेवलीस का, अकलेचं दिवाळं. श्रोत्यांना ‘तुमच्यात अक्कल परत यायला हवी’ असं सांगून कोणी ऐकून घेणार नाही.

राहिले दोन शब्द, आणि माझा जीव या दोघांवर आहे. पहिला ‘पाचपोच’. कुठे काय बोलावं, कोणापुढे कसं वागावं, समोरच्याची अडचण काय आहे, हे न सांगता कळणं म्हणजे पाचपोच. त्या बाईंना ती होती. हल्ली हा शब्द ‘त्याला काही पाचपोच नाही’ या नकारापुरताच उरला आहे, याचं मला वाईट वाटतं.

दुसरा ‘तारतम्य’. हा शब्द जरा जवळून पाहा. संस्कृतात ‘लघु’ला ‘तर’ लागला की लघुतर, ‘तम’ लागला की लघुतम. या दोन प्रत्ययांपासूनच ‘तारतम्य’ बनलं. म्हणजे अमुक गोष्ट तमुकपेक्षा किती कमी, किती जास्त, याची जाण. खिडकीतल्या माणसाजवळ हेच नव्हतं. नियम मोठा की पाय, हे त्याने ताडून पाहिलंच नाही. आणि आपल्या म्हणी आठवा: नाकापेक्षा मोती जड, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, अति तेथे माती. सगळ्या प्रमाणाबद्दल बोलतात. मराठी माणसाने ज्याला शहाणं वागणं म्हटलं, त्यात मापाचा अंदाज हा गाभा आहे. म्हणून माझं मत तारतम्याला.

इंग्रजी शब्दाचा उगमही ओझरता सांगतो. अॅरिस्टॉटलचा विचार असा होता की पांढरं डोळ्याला कळतं, गोड जिभेला; पण पांढरं आणि गोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणाला कळतं? ते एकट्या डोळ्याचं काम नाही आणि एकट्या जिभेचंही नाही. सगळ्या इंद्रियांना सामाईक अशी ती जाणीव, तिथून ही कल्पना निघाली. पुढे लॅटिनमध्ये त्याच शब्दप्रयोगाला चारचौघांत वागण्याची जाण, असाही अर्थ आला. म्हणजे आपली पाचपोचच.

आता ‘पुनर्स्थापना’. स्थापना मूर्तीची होते, संस्थेची होते; कोणीतरी एक दिवस ठरवून ती करतो. तारतम्याशी मराठी जी क्रियापदं जोडते ती पाहा: तारतम्य बाळगावं, ठेवावं, राखावं. आणि ते सुटतं. बाळगायची वस्तू सतत जवळ असावी लागते. कोणी बाहेरून आणून ती बसवून देऊ शकत नाही. जे हरवलं ते परत येण्यासाठीही आपल्याकडे तयार वाक्प्रचार आहेत: भानावर येणं, डोकं ठिकाणावर येणं, ताळ्यावर येणं. तिन्हींत ‘येणं’ आहे, आणि येणारा माणूस स्वतः येतो.

‘ताळ्यावर येणं’ म्हटलं की मला गणिताचा ताळा आठवतो. 23 गुणिले 14 केले, उत्तर आलं 322. ताळा करायचा तर 2 आणि 3 मिळून 5, 1 आणि 4 मिळून 5. पाचा पाचा पंचवीस, त्याचे 2 आणि 5 मिळून 7. उत्तराचे 3, 2, 2 मिळून 7. जुळलं. या ताळ्याने गणित सुटत नाही, ते आपणच सोडवायचं असतं. मात्र कुठे घसरलो असू, तर तो बहुतेक वेळा हाक मारतो. कॉमन सेन्सचं रोजच्या जगण्यातलं काम मला हेच वाटतं. चालता न येणाऱ्या बाईला सहीसाठी जिना चढायला सांगणारा नियम समोर आला, की ‘थांब, उत्तर चुकलंय’ असं आतून ऐकू यायला हवं.

पण इथेच जपायलाही हवं. वरच्या गणितात कोणी 322 ऐवजी 232 लिहिलं असतं, तरी ताळा जुळलाच असता. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो हे रोज डोळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांना पटतही होतं. कोपर्निकसने 1543 साली त्याच्या उलट मांडणी छापली. ‘हे तर साधं कळतं’ असं म्हणून कित्येकदा आपण आपली सवय किंवा आपला आकस पुढे करतो. तुमच्या भाषणात हे एक वाक्य तरी घाला, अशी माझी मनापासून विनंती आहे, कारण ‘कॉमन सेन्स परत आणा’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचाच कॉमन सेन्स अभिप्रेत असतो.

बोलताना ‘कॉमन सेन्स’ खुशाल म्हणा. ‘एवढा कॉमन सेन्स नको?’ असं पुल्लिंगी रूप देऊन मराठीने तो केव्हाच घरात घेतला आहे. लिहिताना मात्र ‘ताळ्यावर आणणं’ टाळा. ‘आणणं’ आलं की त्यात दटावणी येते, आणि तुम्हाला कोणाला दटावायचं नाही. मी ते वाक्य असं लिहिलं असतं: ‘रोजच्या वागण्यात आपलं तारतम्य सुटत चाललं आहे, आपण सगळ्यांनीच भानावर यायला हवं.’