‘चालेल’ म्हटलेली तारीख आणि 30 जून

पत्र नागपूरच्या मानेवाड्याहून आलं आहे. लिहिणारे गृहस्थ वीस-बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवतात. त्यांनी दुसऱ्या राज्यातल्या एका कारागिराकडे पेडल स्टील गिटार, म्हणजे पायाच्या पेडलने आणि गुडघ्याच्या लिव्हरने तारांचा सूर बदलणारी गिटार, बनवायला टाकली. ठरलेली किंमत 3,60,000 रुपये. निम्मे, म्हणजे 1,80,000 रुपये, 10 मार्च 2023 ला बँकेतून पाठवले, बाकीचे डिलिव्हरीच्या वेळी द्यायचे होते. कोटेशनवर लिहिलंय, ‘अॅडव्हान्स मिळाल्यापासून नऊ महिन्यांत डिलिव्हरी’. तीन वर्षं झाली, गिटार नाही. गेल्या महिन्यात कारागिराचा निरोप आला: सामान महागलं, आणखी 1,20,000 वाढवून द्या, 31 ऑगस्टपर्यंत नक्की पाठवतो. गृहस्थ विचारतात, हो म्हणू का? आणि त्यासोबत आणखी सात प्रश्न.

एका महिन्यात या धाटणीचं हे माझ्याकडे आलेलं चौथं पत्र. एकाचं मॉड्युलर किचन, एकीचा लग्नाचा अल्बम, एकाचं देवघर. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. पैसे घेऊन वस्तू न देणं ही त्रुटी आहे आणि तुम्हाला तक्रार करता येते, यावर शाई घालवत नाही.

भाऊ, तुमच्या आठही प्रश्नांच्या आधी एक तारीख येते: 30 जून 2026. हे लिहितोय तेव्हा मे महिना लागलाय. म्हणजे हातात दोन महिनेही नाहीत, आणि तुम्ही ऑगस्टच्या गोष्टी करताय.

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 69 प्रमाणे वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. तुम्ही लिहिता, ‘आमचं बोलणं अजून चालूच आहे, त्यामुळे मुदतीचा प्रश्न नसावा.’ हा गैरसमज मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की आता राग येतो. बोलणं चालू राहिलं म्हणून मुदत थांबत नाही. तुम्ही शंभर मेसेज टाका, नोटीस पाठवा, समोरचा शंभर वेळा ‘पुढच्या महिन्यात’ म्हणो, घड्याळ चालूच राहतं. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी ग्राहक आयोगाने तो स्वतःहून तपासलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या प्रकरणात सांगून ठेवलंय. तो निकाल जुन्या 1986 च्या कायद्यावरचा आहे, पण ही तरतूद नव्या कायद्यात जवळपास तशीच आली आहे.

आता घड्याळ सुरू कधी झालं? कोटेशन धरलं तर 10 डिसेंबर 2023 ला. तसं असेल तर दोन वर्षं गेल्या डिसेंबरातच संपली. समोरचा वकील हेच म्हणणार.

तुम्ही पाठवलेल्या 43 स्क्रीनशॉटपैकी अकरावा काढा. तुम्ही त्याचा पत्रात उल्लेखही केलेला नाही. 28 नोव्हेंबर 2023, रात्री पावणेदहा. त्याआधी चार दिवस तुम्ही कारागिराला कळवलं होतं की ठरलेल्या चार नी-लिव्हरशिवाय पाचवी हवी, डाव्या गुडघ्याने वर उचलायची. त्याचं उत्तर: ‘त्यासाठी आतली जोडणी बदलावी लागेल. 30 जून 2024 पर्यंत देतो. चालेल?’ आणि खाली तुमचं एका शब्दाचं उत्तर, ‘चालेल.’

भारतीय करार अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे ज्याला वस्तू मिळायची आहे तो वेळ वाढवून देऊ शकतो. जुनी तारीख उलटण्याआधी, लेखी, दोघांनी मिळून नवी तारीख ठरवली. त्यामुळे करार मोडला तो 30 जून 2024 ला, असं मला ठामपणे मांडता येतं. या एका शब्दामुळे तुमची तक्रार आज जिवंत आहे. तोच शब्द तुमच्या हातून काही काढूनही घेतो: डिसेंबर 2023 ते जून 2024 या काळातल्या उशिराची भरपाई आता मागता येणार नाही, आणि ती मागूही नका. त्या सहा महिन्यांत चूक त्याची नव्हती. ज्याने हे वाद्य खालून पाहिलंय त्याला हे पटेल. प्रत्येक लिव्हरला आडव्या दांड्यावरची क्रँक लागते, तिथून निघालेली पुल-रॉड तारेच्या टोकाशी असलेल्या, तिचा सूर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या चेंजरपर्यंत जाते. एक लिव्हर वाढवली की आधी बसवलेल्या रॉड हलवाव्या लागतात. आयोगापुढे हे आपण होऊन मान्य केलंत तर तुमच्या बाकीच्या म्हणण्याला वजन येईल.

30 जून 2024 नंतर मात्र त्याच्याकडे कारण नाही. दोन वर्षांत दोन फोटो आले, एक मेपलच्या रिकाम्या बॉडीचा, एक चेंजरचा. दुसऱ्या फोटोत खालच्या बाजूला एकही रॉड दिसत नाही.

आता त्याचा ऑगस्टचा प्रस्ताव पाहा. तुम्ही होकार दिलात तर तो वाढीव किमतीचा नवा करार ठरू शकतो आणि जुन्या उशिराचा हिशेब तिथेच बुडतो. होकारही दिला नाही आणि नकारही, नुसती वाट पाहिली, तर मधे 30 जून निघून जातो. सप्टेंबरमध्ये तुमच्या हातात गिटारही नसेल आणि ग्राहक आयोगाचं दारही बंद असेल. ही तारीख त्याने विचारपूर्वक टाकली की सहज, मला ठाऊक नाही. परिणाम एकच आहे.

विलंब माफीचा अर्ज करता येतो हे खरं. कलम 69 मध्येच ती सोय आहे. पण पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि माफी द्यायची की नाही हे आयोग ठरवतो. ‘माणूस बरा वाटला म्हणून थांबलो’ हे कारण वाचायला मन हेलावतं, पण त्यावर आदेश मिळेल याची खात्री मी देणार नाही. फ्लॅटचा ताबा किंवा भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही तोवर वादाचं कारण रोज नव्याने घडतं असं न्यायालयांनी मानलंय; मुंबईच्या समृद्धी सोसायटीच्या प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं. तोच तर्क बनवायला टाकलेल्या वाद्याला लावता येईल का? मी तो दुसऱ्या फळीत ठेवीन. पहिली फळी म्हणजे 30 जूनच्या आत तक्रार. खरं तर मे संपायच्या आत, कारण शेवटच्या दिवशी पोर्टल अडलं तर त्याचा वाद घालत बसायची माझी तयारी नाही.

दाखल कुठे करायची? इथेच. कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. कोटेशनच्या तळाशी ‘वाद फक्त आमच्या शहरातील न्यायालयात’ अशी ओळ आहे, तिने मला फारशी काळजी वाटत नाही. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत आहे, म्हणून फी शून्य. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते, 44 अंशांच्या उन्हात सिव्हिल लाइन्सपर्यंत जायचीही गरज नाही.

एका ठिकाणी जपून लिहायचं आहे. कोटेशनवर ‘कस्टम ऑर्डर असल्याने अॅडव्हान्स परत मिळणार नाही’ असंही छापलंय. हे वाचून कुणीतरी तुम्हाला सुचवलंय की हा ‘अनुचित करार’ (ग्राहकावर एकतर्फी जाचक अटी लादणारा) आहे असं तक्रारीत लिहा. लिहू नका. अनुचित कराराविरुद्धच्या तक्रारी या कायद्यात जिल्हा आयोगाकडे जात नाहीत, त्या राज्य आयोगाकडे जातात. तो एक शब्द घातलात की पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा आक्षेप येईल आणि त्यावर वर्ष जाईल. त्याऐवजी साधं लिहा: ऑर्डर मी रद्द केलेली नाही, वाद्य त्याने दिलेलं नाही, म्हणून ती अट इथे लागूच होत नाही.

‘व्यावसायिक वापर’ हा आक्षेपही येईल, कारण तुम्ही वाजवून मानधन घेता. स्वतः राबून उपजीविका करणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो, कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात तसं आहे. तक्रारीत स्पष्ट म्हणा की हे वाद्य तुम्ही स्वतःच वाजवणार आहात. ऑर्केस्ट्रा तुमच्या मालकीचा असेल आणि वाद्यावर दुसरा बसणार असेल, तर मात्र मला आधी सांगा, मग चित्र बदलतं. पोलिसात फसवणुकीचा गुन्हा? पैसे घेतानाच द्यायचा इरादा नव्हता हे दाखवावं लागतं. ज्याने बॉडी कापली, चेंजर बनवला, त्याच्याबद्दल ते कठीण. तिकडे उन्हाळा घालवू नका. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, ती तुमच्या मनात मिसळली असावी. तो मार्ग जून 2027 पर्यंत उघडा राहील, पण त्यात कोर्ट फी आहे आणि किती वर्षं जातील ते मी सांगू शकत नाही.

मागायचं काय, हे तुम्हीच ठरवायचं आहे. पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘पैशाचं जाऊ द्या साहेब, बारनं (तारांवर फिरवायच्या दांडीनं) जे स्वर एकत्र येत नाहीत ते पायाने यावेत, एवढ्यासाठी पाच वर्षं पैसे साठवले.’ मी स्वतः वाजवत नाही. पण ई-नाइन्थ ट्यूनिंगमध्ये (या गिटारच्या तारा लावायची एक पद्धत) पहिलं पेडल दाबलं की पाचवी आणि दहावी तार बी वरून सी शार्पवर चढते आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात, एवढं मला तुमच्यासारख्याच एका वादकाने समोर बसून दाखवलंय. ते ऐकल्यावर तुमची घाई कळते.

म्हणून तक्रारीत दोन्ही मागा: ठराविक दिवसांत मूळ किमतीत वाद्य द्यावं, न दिल्यास 1,80,000 रुपये व्याजासह परत करावेत. वाद्य मागायचं तर बाकीचे 1,80,000 द्यायची तुमची तयारी दिसली पाहिजे. बँकेचा उतारा जोडा. व्याज किती मिळेल ते आयोगावर आहे. बुडालेल्या कार्यक्रमांची भरपाई लेखी पुराव्याशिवाय मिळेल असं धरू नका.

वाद्य मागताना ते नेमकं कसं हवं हे कागदावर असायला हवं, आणि इथे तुम्ही फार निष्काळजी राहिलात. कुठली तार कुठल्या पेडलने, कुठल्या लिव्हरने किती चढते-उतरते त्याचा तक्ता, ज्याला वादक कोपेडेंट म्हणतात, तो ऑर्डरला जोडलेलाच नाही. कोटेशनवर फक्त ‘10 तारा, 3 पेडल, 4 लिव्हर’. उद्या त्याने पेडलांचा क्रम उलटा लावून पाठवला तर तो म्हणेल, असाही क्रम असतो. आणि तो असतोही: एमन्स पद्धतीत पेडलांचा क्रम ए-बी-सी, डे पद्धतीत नेमका उलटा. पेडल सोडल्यावर तार मूळ सुरावर परत येते का, दाबल्यावर बॉडी वाकून बाकीच्या तारा किती उतरतात, ही परीक्षा करायला आयोग कुणाकडे पाठवणार? दोष तपासायचा वाद निघाला की खटला लांबतो. तक्ता आज बनवा, सही करा, तक्रारीला जोडा.

कायद्यात लिहिलंय की तपासणीची गरज नसेल तर समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागावा. प्रत्यक्षात तसं होत नाही आणि याचा मला दर आठवड्याला संताप येतो, विशेषतः दोन लाखांच्या दाव्यासाठी पाच-पाच तारखा वाया घालवलेला माणूस समोर बसतो तेव्हा. तरीही तक्रार आधी आणि तडजोड नंतर, हाच क्रम ठेवा. आयोगापुढे मध्यस्थीने तडजोड होऊ शकते आणि तिच्यावर आदेश होतो. तो मोडला तर कलम 72 खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा 25,000 ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सअॅपवरच्या ‘नक्की देतो’ला असलं काही पाठबळ नाही.

कारागिराला आज एवढंच लिहा, शब्द न बदलता: ‘तुमचा एप्रिलमधला प्रस्ताव मिळाला. वाद्य 30 जून 2024 पर्यंत देण्याचं ठरलं होतं, ते मिळालेलं नाही. वाढीव किंमत आणि 31 ऑगस्ट 2026 ही तारीख मला मान्य नाही. पुढे वाद्य स्वीकारलं तरी उशिराच्या भरपाईचा माझा हक्क राखून ठेवत आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. करार कायद्याच्या कलम 55 प्रमाणे उशिरा आलेली वस्तू तसं न कळवता घेतली तर भरपाई जाते.

यावर त्याचा फोन येईल. बोला, पण तारखेला हो म्हणू नका, आणि फोनवर जे ठरेल ते त्याच रात्री मेसेजमध्ये उतरवा. स्क्रीनशॉट पुरेसे नाहीत. जुना फोन, ज्यात ते ‘चालेल’ आहे, तो विकायचा म्हणताय, तो विकू नका. मेसेज पुरावा म्हणून दाखवायला साक्ष्य अधिनियमाप्रमाणे लागणारं प्रमाणपत्र त्याच फोनवरून करावं लागेल. तो, कोटेशनची मूळ प्रत आणि मार्च 2023 चा बँकेचा उतारा घेऊन या आठवड्यात कुठल्याही वकिलाकडे जा, माझ्याकडेच यायला हवं असं नाही.