‘नाळ पुरलेली असणे’ आणि विली ग्रेआइज यांचा खटला

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सान व्हान काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) माजी कमिशनर, मूलनिवासी नावाहो समाजाचे विली ग्रेआइज यांच्याविषयीचा मजकूर मराठीत आणते आहे. पाइयूट मेसा या सपाट माथ्याच्या डोंगराजवळ त्यांची नाळ पुरलेली आहे, असा त्यात उल्लेख आहे. तिथे ‘त्यांची नाळ या मातीशी जोडलेली आहे’ असं लिहिलं तर चालेल का? ‘नाळ पुरली आहे’ हे आमच्या घरी टोमणा मारायलाच वापरतात, म्हणून हात अडखळतो. शिवाय ‘वास्तव्य’ लिहावं की ‘रहिवास’? आणि कमिशनरला ‘आयुक्त’ म्हणावं का?

‘नाळ पुरली आहे’ असंच लिहा, अडखळू नका. ‘जोडलेली’ लिहिलंत तर त्या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाचकापर्यंत पोचणारच नाही.

‘मातीशी नाळ जोडलेली’ हा प्रयोग अलीकडे सत्काराच्या भाषणांत आणि मृत्युलेखांत इतका वापरला गेला आहे की त्यात आता ‘आपुलकी’पलीकडे फारसं काही उरलेलं नाही. ‘जोडलेली’ म्हटलं की अजून न कापलेली, आई आणि मूल यांच्यामधली नाळ डोळ्यांपुढे येते. माती तिथे आईच्या जागी बसवलेली असते. ‘पुरलेली नाळ’ मात्र कापून झालेली, जमिनीच्या स्वाधीन केलेली असते. तिला ठिकाण असतं. परसात, न्हाणीच्या कडेला, अमुक झाडाखाली असं बोट दाखवता येतं. आपल्याकडे खेड्यांतून बाळंतपणं घरीच होत होती तेव्हा नाळ आणि वार पुरण्याचं काम सुईण किंवा घरातली जाणती बाई करायची आणि ती जागा घरच्यांना ठाऊक असायची. वाक्प्रचार तिथून आला. आधी कृती होती, अलंकार मागाहून झाला.

टोमण्याचं म्हणाल तर तो शब्दांत नाही, वाक्याच्या घडणीत आहे. ‘तिथे काय तुझी नाळ पुरली आहे?’ यातला ‘काय’ आणि प्रश्नाचा सूर बोचतो. तेच सरळ विधान करून बघा : ‘माझी नाळ इथे पुरली आहे.’ यात टोमण्याचा मागमूस नाही. हा हक्काचा उच्चार आहे, आणि ग्रेआइज यांच्या बाबतीत तो हक्काचाच होता.

नावाहो लोक स्वतःला दिने म्हणवतात. बाळाची नाळ विचारपूर्वक जागा निवडून पुरण्याची त्यांची जुनी रीत आहे. मेंढवाड्यात पुरली तर मूल गुराढोरांत रमेल, मुलीची मागापाशी पुरली तर ती विणकाम करील, घराजवळ पुरली तर ते माणूस घर सोडणार नाही. माणूस कुठेही गेला तरी त्या जागेकडे परत येतो, अशी समजूत यामागे आहे. या ‘परत येतो’कडे लक्ष ठेवा, कारण पुढे सगळं त्याच्यावरच फिरतं.

ग्रेआइज नावाहो माउंटनच्या परिसरातले, म्हणजे युटा आणि ॲरिझोना यांच्या सीमेवरच्या अगदी आडवळणाच्या मुलखातले. काउंटीचं मुख्य ठिकाण माँटिचेलो. तिथे गाडीने जायचं तर आधी ॲरिझोनात उतरायचं आणि मोठा वळसा घालून पुन्हा युटात शिरायचं. त्या भागातल्या कितीतरी घरांना रस्त्याचं नाव नाही, घरक्रमांक नाही. कच्च्या वाटेने जायचं आणि विचारत विचारत घर गाठायचं.

२०१८ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे काउंटी कमिशनला, म्हणजे काउंटीचा कारभार चालवणाऱ्या तीन जणांच्या निर्वाचित मंडळाला, उभे राहिले. हा माणूस युटात राहतच नाही, अशी तक्रार झाली. चौकशीसाठी डेप्युटी शेरीफ पाठवला गेला. ग्रेआइज यांच्याकडे गाडी चालवण्याचा परवाना ॲरिझोनाचा होता. निवडणुकीचं काम पाहणाऱ्या काउंटी क्लार्कने त्यांचं नाव मतपत्रिकेवरून काढलं. ते संघराज्याच्या न्यायालयात गेले. तक्रारअर्जावर मागची तारीख घातली गेल्याचं तिथे उघड झालं, आणि न्यायाधीश डेव्हिड नफर यांनी ऑगस्टमध्ये त्यांचं नाव पुन्हा घालायला लावलं. नोव्हेंबरमध्ये ते निवडून आले. पराभूत उमेदवाराने रहिवासाचाच मुद्दा घेऊन राज्याच्या न्यायालयात पुन्हा दावा लावला. जानेवारी २०१९ मध्ये न्यायाधीश डॉन टॉर्गरसन यांनी ग्रेआइज युटाचेच रहिवासी आहेत असा निकाल दिला, आणि पाइयूट मेसाजवळ पुरलेल्या नाळेचा उल्लेख येतो तो या खटल्यात.

आता ‘वास्तव्य’ का नको ते सांगतो. ‘वास्तव्य’ म्हणजे प्रत्यक्ष राहणं : सध्या वास्तव्य पुण्यात, गेल्या वर्षी नाशकात. युटाच्या निवडणूक कायद्यात रहिवासाची व्याख्या अशी की माणसाचं बिऱ्हाड जिथे स्थिर आहे आणि बाहेर गेला तरी जिथे परत यायचा त्याचा इरादा असतो ते ठिकाण. ‘वास्तव्या’त हा इरादा येत नाही. मराठीत त्याला जवळचा शब्द ‘अधिवास’. अधिवास प्रमाणपत्र आपण डोमिसाइल म्हणून काढतो, आणि आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठातही हाच शब्द आहे. दोन्ही देशांचे कायदे तंतोतंत सारखे नाहीत. म्हणून एकदा ‘अधिवास, म्हणजे परत येण्याच्या इराद्याने मानलेलं कायमचं ठिकाण’ असं फोडून लिहा आणि पुढे ‘रहिवासी’ हा रोजचा शब्द बिनदिक्कत वापरा. मुंबईत जन्म काढलेला चाकरमानी ‘गाव कुठलं?’ म्हटल्यावर मालवण सांगतो, तेव्हा तो वास्तव्य सांगत नसतो, हे मराठी वाचकाला वेगळं समजवावं लागत नाही.

‘रहिवासी’ या शब्दाबद्दल मी इतका आग्रही का, तर युटात या शब्दाला जखमेचा इतिहास आहे. तिथल्या एका जुन्या कायद्यानुसार आरक्षित प्रदेशात राहणारे मूलनिवासी मतदानापुरते राज्याचे रहिवासी धरले जात नसत. १९५६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. १९५७ साली विधिमंडळाने तो रद्द केला. त्यानंतर साठेक वर्षांनी एका नावाहो उमेदवाराला पुन्हा ‘तू इथला नाहीस’ असं ऐकावं लागलं. तुमच्या मजकुरात हा संदर्भ नसेल तर एका ओळीची टीप जोडाच.

मधल्या काळातलं थोडक्यात : कमिशनच्या तिन्ही जागांना अख्खी काउंटी मतदान करायची, त्यामुळे नावाहो उमेदवार निवडून येणं दुरापास्त होतं. १९८३ साली अमेरिकेच्या न्याय विभागाने काउंटीवर दावा लावला, मतदारसंघ वेगळे झाले, आणि १९८६ साली मार्क मेरीबॉय निवडून आले. युटातले ते पहिले मूलनिवासी काउंटी कमिशनर. पण नावाहो मतदार एकाच मतदारसंघात कोंबले गेले होते, त्यामुळे काउंटीत मूलनिवासींची संख्या निम्म्याच्या घरात असून तिघांतली एकच जागा त्यांच्याकडे राही. नावाहो नेशनने, म्हणजे नावाहोंच्या स्वतःच्या शासनाने, त्यावर दावा लावला, न्यायालयाने सीमा नव्याने आखून घेतल्या, आणि त्याच सीमांवर २०१८ची निवडणूक झाली. ग्रेआइज आणि मार्क यांचे बंधू केनेथ मेरीबॉय असे दोघे निवडून आले. काउंटीच्या इतिहासात प्रथमच कमिशनवर नावाहोंचं बहुमत झालं. नाळेचा खटला त्या बहुमतावरच होता, हे वाचकाला कळलं पाहिजे.

ग्रेआइज यांची त्याआधीची ओळख म्हणजे ‘युटा दिने बिकेया’ या संस्थेचे अध्यक्ष. ‘दिने बिकेया’ म्हणजे दिनेंची भूमी. सान व्हान काउंटीतल्याच बेअर्स इअर्स या मुलखाच्या संरक्षणासाठी ही संस्था झटली. २८ डिसेंबर २०१६ रोजी ओबामा यांनी तिथल्या सुमारे १३.५ लाख एकरांना राष्ट्रीय स्मारक घोषित केलं, २०१७ मध्ये ट्रम्प यांनी त्यातलं जवळपास ८५ टक्के क्षेत्र वगळलं, २०२१ मध्ये बायडन यांनी ते परत जोडलं. जुन्या कमिशनचा स्मारकाला विरोध होता. २०१९च्या नव्या बहुमताने काउंटीची ती भूमिका उलटवली. काउंटीची कारभारपद्धती बदलावी का याचा अभ्यास करण्याचा प्रस्ताव त्याच वर्षी मतदानाला आला आणि थोडक्यात पडला. २०२२च्या निवडणुकीत ग्रेआइज हरले.

राहिला ‘आयुक्त’. तो टाळा. आपल्याकडे आयुक्त म्हणजे सरकारने नेमलेला अधिकारी. महापालिकेचा आयुक्त कुणी मतं देऊन निवडत नाही. ग्रेआइज लोकांनी निवडून दिलेले होते आणि त्यांचं मंडळ काउंटीचा कारभारही चालवत होतं. ‘जिल्हा परिषद सदस्य’ म्हणावं तर तिघांच्या मंडळाकडची सत्ता त्यात दिसत नाही. ‘काउंटी कमिशनर’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘काउंटीच्या तीन सदस्यांच्या निर्वाचित मंडळाचे सदस्य’ असा खुलासा द्या. नावाहो नेशनच्या स्थानिक ‘चॅप्टर’ला मात्र ‘ग्रामसभा’ म्हणायला माझी हरकत नाही. गावकरी जमतात, चर्चा करतात, ठराव करतात, सगळं जुळतं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘ग्रेआइज यांची नाळ पाइयूट मेसाजवळ पुरली आहे, नावाहो रीतीप्रमाणे ते त्यांचं परत येण्याचं ठिकाण, आणि न्यायालयाने त्यांना युटाचे रहिवासी मानलं.’ यात ‘आहे’ हा वर्तमानकाळ तसाच राहू द्या. ‘पुरली होती’ केलंत तर मराठीत ती नाळ उकरून काढल्यासारखी वाटेल.