संगणक-शंका : टास्कबार आपल्या सोयीने कसा मांडावा?

प्रश्न : नवा संगणक घेतल्यामुळे मी विंडोज १० वरून विंडोज ११ वर आलो आहे. जुन्या संगणकावर टास्कबार, म्हणजे स्टार्ट बटण आणि उघड्या प्रोग्रॅमची बटणे असलेली पट्टी, पडद्याच्या डाव्या कडेला उभा ठेवलेला होता आणि उघडलेल्या प्रत्येक विंडोचे नाव बटणावर वाचता येत असे. आता सगळे आयकॉन खाली मधोमध गोळा झाले आहेत आणि नावे नाहीशी झाली आहेत. पूर्वीची मांडणी परत मिळेल का?

उत्तर : बरीचशी मिळेल, उभ्या टास्कबारची आशा मात्र फारशी धरू नये. टास्कबारच्या रिकाम्या भागावर राइट क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडावे आणि तेथील ‘टास्कबार बिहेविअर्स’ हा विभाग पाहावा. त्यात ‘टास्कबार अलाइनमेंट’पुढे ‘लेफ्ट’ निवडले की स्टार्ट बटण आणि त्यामागोमाग सगळे आयकॉन डावीकडे सरकतात. हा बदल केवळ जुन्या सवयीखातर करावा असे नाही. मधोमध मांडणीत एखादा नवा प्रोग्रॅम उघडला की सगळी रांग दोन्ही बाजूंना पसरते आणि स्टार्ट बटणासह प्रत्येक आयकॉन थोडा डावीकडे ढकलला जातो. डाव्या मांडणीत स्टार्ट बटण कोपऱ्यात पक्के राहते, आणि पडद्याच्या कोपऱ्यात माऊसचा बाण न पाहता भिरकावला तरी तो पुढे जाऊ शकत नसल्यामुळे नेम चुकत नाही. लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितका हात तेथे लवकर पोहोचतो, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले होते. पडद्याचा कोपरा हे त्या हिशेबाने फार मोठे लक्ष्य ठरते.

नावांसाठी त्याच विभागात ‘कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ हा पर्याय आहे. विंडोज ११ प्रथम आली तेव्हा तो नव्हता. २०२३ मध्ये तो परत देण्यात आला, त्यामुळे आपल्याकडे दिसत नसल्यास आधी विंडोज अद्ययावत करून घ्यावी. तेथे ‘नेव्हर’ निवडल्यास प्रत्येक विंडोला स्वतंत्र, नाव असलेले बटण मिळते. एकाच वेळी पाच-सहा दस्तऐवज उघडे ठेवणाऱ्यांना याचा मोठा उपयोग आहे, कारण आयकॉनवर बाण नेऊन छोटी चित्रे उमटण्याची वाट पाहावी लागत नाही. विंडो फार झाल्या की बटणे आकसतात आणि नावे तुटतात. तो त्रास वाटल्यास ‘व्हेन टास्कबार इज फुल’ हा मधला मार्ग आहे.

राहिला उभा टास्कबार. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा टास्कबार नव्याने घडवण्यात आला आणि तो वरच्या किंवा बाजूच्या कडेला नेण्याची, तसेच ओढून जाड करण्याची जुनी सोय त्यातून वगळली गेली. आपल्या सेटिंग्जमध्ये जागा बदलण्याचा पर्याय दिसत नसेल, तर आपल्या आवृत्तीत ती सोय नाही असे समजावे. ही उणीव खरी आहे, हे मान्य केले पाहिजे : १९२० गुणिले १०८० पिक्सेलच्या पडद्यावर रुंदी मुबलक असते आणि उंची तोकडी, आणि त्याच उंचीतून टास्कबार ४८ पिक्सेल घेतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, फेरफार करून टास्कबार हलवण्याची एक युक्ती सुरुवातीला चालत असे, परंतु पुढील अद्ययावतीकरणांनंतर ती निरुपयोगी ठरली. बाहेरचे प्रोग्रॅम वापरून जुना टास्कबार आणता येतो. मात्र विंडोजचे मोठे अद्ययावतीकरण आले की असे प्रोग्रॅम अडखळतात, म्हणून ज्या संगणकावर रोजचे काम अवलंबून आहे त्यावर ते न घातलेले बरे. उंचीच वाचवायची असेल, तर ‘ऑटोमॅटिकली हाइड द टास्कबार’ हा पर्याय पुरेसा आहे.

प्रश्न : टास्कबारवर किती प्रोग्रॅम पिन करावेत, म्हणजे कायमचे लावून ठेवावेत, आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर : मर्यादा अशी काही नाही, पण दहा ही संख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे. विंडोज कळ दाबून १ हा अंक दाबला की टास्कबारवरील पहिला पिन केलेला प्रोग्रॅम उघडतो, २ दाबला की दुसरा, आणि असेच पुढे ०, म्हणजे दहाव्यापर्यंत. स्टार्ट, शोध आणि टास्क व्ह्यू यांची बटणे या गणतीत धरली जात नाहीत. त्यामुळे आयकॉनचा क्रम ही निव्वळ सजावट राहत नाही; दिवसभर लागणारे प्रोग्रॅम पहिल्या चार जागांवर ठेवावेत, म्हणजे डाव्या हाताची बोटे कीबोर्डवरून फारशी न हलवता ते उघडता येतात. क्रम बदलण्यासाठी आयकॉन धरून हव्या त्या जागी ओढावा. प्रोग्रॅम आधीच उघडा असेल, तर तीच जोडी त्याची विंडो समोर आणते. त्याच्या अनेक विंडो असतील, तर विंडोज कळ दाबून ठेवून अंक पुन्हापुन्हा दाबल्यास त्या एकामागून एक येतात. सोबत शिफ्ट दाबली, तर त्याच प्रोग्रॅमची नवी विंडो उघडते.

एकदा बसवलेला क्रम वारंवार बदलू नये. चौथ्या जागेवर हिशेबाची शीटच आहे हे हाताला पाठ झाले की डोळे तेथे न्यावे लागत नाहीत, आणि पिन करण्याचा खरा लाभ तोच आहे. महिन्यातून एकदा लागणाऱ्या प्रोग्रॅमला स्टार्ट मेनू पुरेसा आहे.

एखादे विशिष्ट फोल्डर टास्कबारवर हवे असेल, तर थोडी खटपट करावी लागते, कारण फोल्डर थेट पिन होत नाही. ते एक्सप्लोररच्या, म्हणजे फाइली पाहण्याच्या प्रोग्रॅमच्या, आयकॉनवर राइट क्लिक केल्यावर उघडणाऱ्या यादीत जाते. स्वतंत्र आयकॉन हवाच असेल, तर त्या फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर तयार करावा, त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टार्गेट’च्या चौकटीत पत्त्याच्या आधी ‘एक्सप्लोरर’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहून एक जागा सोडावी आणि मग शॉर्टकटवर राइट क्लिक करून, ‘शो मोअर ऑप्शन्स’मधून तो पिन करावा. असे दोन-तीन शॉर्टकट केले तर सगळ्यांचे आयकॉन सारखेच दिसतात, म्हणून ‘चेंज आयकॉन’ने ते आधीच वेगवेगळे करून घ्यावेत.

प्रश्न : घड्याळाजवळचे छोटे आयकॉन फार झाले आहेत. ते काढता येतात का?

उत्तर : लपवता येतात. ‘टास्कबार सेटिंग्ज’मधील ‘अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स’ या विभागात ज्यांची गरज नाही ते बंद करावेत. ते वर जाणाऱ्या बाणाच्या चिन्हामागे जातात. यामुळे तो प्रोग्रॅम मात्र बंद होत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या संगणक-कक्षातील सर्व यंत्रांवर एकसारखा टास्कबार हवा आहे. प्रत्येक खात्यात जाऊन पिन करणे शक्य नाही. काही उपाय आहे का?

उत्तर : आहे, मात्र विंडोजची होम आवृत्ती त्यासाठी चालणार नाही; प्रो, एज्युकेशन किंवा एंटरप्राइज हवी. लेआउट मॉडिफिकेशन या नावाची एक एक्सएमएल फाइल (ठरावीक खुणांनी लिहिलेली मजकूर-फाइल) तयार करावी आणि तीत पिन करायचे प्रोग्रॅम क्रमाने लिहावेत. ज्या क्रमाने लिहाल त्याच क्रमाने ते डावीकडून उजवीकडे दिसतात. प्रोग्रॅमची ओळख नेमकी कशी लिहायची, हे पॉवरशेलमधील (विंडोजला लेखी आज्ञा देण्याच्या प्रोग्रॅममधील) ‘गेट-स्टार्टअॅप्स’ या आज्ञेने कळते. विंडोजने मुळात पिन केलेले प्रोग्रॅम काढून टाकायचे असतील, तर फाइलमध्ये ‘पिन लिस्ट प्लेसमेंट’ची किंमत ‘रिप्लेस’ अशी द्यावी. ती न दिल्यास आपली यादी मूळ यादीच्या शेवटी जोडली जाते. नंतर ग्रुप पॉलिसीतील (अनेक खात्यांना एकच नियम लावण्याच्या विंडोजच्या सोयीतील) यूजर कॉन्फिगरेशन, अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, ‘स्टार्ट मेनू अँड टास्कबार’ या वाटेने ‘स्टार्ट लेआउट’ हे धोरण सुरू करून तेथे फाइलचा पत्ता द्यावा.

फाइल अशा ठिकाणी ठेवावी की प्रत्येक वापरकर्त्याला ती वाचता येईल, पण बदलता येणार नाही. यादीतला एखादा प्रोग्रॅम त्या यंत्रावर बसवलेलाच नसेल, तर त्याचा आयकॉन दिसत नाही आणि त्याबद्दल सूचनाही येत नाही. ‘फाइल लागू झाली नाही’ अशी शंका आल्यास प्रथम हेच तपासावे. या पद्धतीत वापरकर्ते स्वतःचे प्रोग्रॅमही पिन करू शकतात. तीही मुभा नको असल्यास त्यासाठी त्याच विभागात वेगळे धोरण आहे, पण शिकणाऱ्यांच्या कक्षात इतके आवळून धरण्याची गरज मला तरी वाटत नाही.

प्रश्न : टास्कबार आपोआप लपण्याचा पर्याय निवडला आहे, तरी तो मध्येच वर येऊन बसतो.

उत्तर : एखादा प्रोग्रॅम लक्ष वेधू पाहत असला, म्हणजे त्याचा आयकॉन लुकलुकत असला, की टास्कबार लपत नाही. त्या आयकॉनवर क्लिक करून निरोप पाहिला की तो खाली जातो. हे वारंवार होत असेल, तर ‘टास्कबार बिहेविअर्स’मध्ये लुकलुकणे बंद करण्याचा पर्याय आहे. काहीही लुकलुकत नसताना तो अडकला असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रिस्टार्ट’ करावे. टास्कबार क्षणभर नाहीसा होऊन परत येतो. उघडे दस्तऐवज तसेच राहतात, फाइलींच्या खिडक्या मात्र बंद होऊ शकतात.