‘टू’च्या पुढे ‘मीट’ की ‘मीटिंग’?

प्रश्न : ताई नमस्कार, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. टेस्टमध्ये ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिलं तर मार्क कापले, म्हणे ‘मीटिंग’ पाहिजे. टूच्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं ना? आणि इन्फिनिटिव्ह फ्रेज अंडरलाइन करा म्हटलं की रेघ कुठे थांबवायची तेच कळत नाही.
– एक वाचक, परभणी

उत्तर : अरे, तुझा नियम बरोबर आहे, पण तो इन्फिनिटिव्हच्या, म्हणजे ‘टू’ अधिक क्रियापदाचं मूळ रूप या जोडीतल्या टूचा आहे आणि इथला टू साधा प्रिपोझिशन (शब्दयोगी अव्यय) आहे, त्याला पुढे नाम लागतं किंवा मग आयएनजीवालं रूप. ओळखायचं कसं, तर क्रियापद काढून तिथे ‘दॅट’ टाकून बघ. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दॅट’ मस्त चालतं, म्हणून मीटिंग. ‘आय वॉन्ट टू दॅट’ कानालाच खटकतं, म्हणून तिथे मीट.

पेपर काढणाऱ्यांचं खरं लाडकं म्हणजे ‘यूज्ड टू’. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन पुणे’ म्हणजे पूर्वी राहायचो, आता नाही, आणि ‘आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन’ म्हणजे एकटं राहायची सवय आहे. मधल्या त्या एवढ्याशा ‘ॲम’मुळे सगळं फिरतं, तेव्हा घाईत वाचू नकोस बाबा.

आता रेघेचं. इन्फिनिटिव्ह फ्रेज म्हणजे ती जोडी आणि तिला चिकटून आलेले शब्द, म्हणून टूपासून सुरू करायचं आणि त्या क्रियापदाचं कर्म, कुठे, कधी, कसं हे सगळं आत घ्यायचं. ‘टू फिनिश द सिलॅबस बिफोर दिवाली इज डिफिकल्ट’ यात रेघ दिवालीपर्यंत, कारण ‘इज’ हे मुख्य क्रियापद आणि त्याच्या आधीचं अख्खं शेपूट त्याचा कर्ता. ‘शी वेन्ट टू दादर टू बाय फ्लॉवर्स’मध्ये टू दोन आहेत पण फ्रेज एकच, ‘टू बाय फ्लॉवर्स’, कशासाठी गेली ते सांगणारी, दादरच्या आधीचा टू नुसती जागा दाखवतो. ‘बुक्स टू रीड’मध्ये मात्र ‘टू रीड’ विशेषणाचं काम करतं, कुठली पुस्तकं तर वाचायची.

आणि हो, कधीकधी टू गायबच असतो. ‘ही मेड मी वेट’ बरोबर, ‘मेड मी टू वेट’ चूक. पण पॅसिव्ह (कर्मणी) केलंस की टू परत येतो, ‘आय वॉज मेड टू वेट’. व्हॉइसच्या प्रश्नात बरेच जण इथेच मार्क घालवतात.