रॉकमधला खडक आधी बाजूला काढा

चोपड्याहून एका वाचकानं विचारलं आहे : 'आम्ही काही मित्र साठ-सत्तरच्या दशकातल्या इंग्रजी रेकॉर्ड ऐकायला जमतो. आता गावात जाहीर कार्यक्रम ठेवला आहे. पत्रिकेच्या मसुद्यात एकानं "अभिजात खडक-संगीत संध्या" असं लिहिलं. दुसरा म्हणतो "क्लासिकल रॉक" लिहा. बरोबर काय? आणि "रॉक ऐकला" म्हणायचं की "रॉक ऐकलं"?'

पहिल्यांदा तो खडक पत्रिकेवरून काढा. हा खडक मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते. ऑर्केस्ट्राचा निवेदक माइक हातात घेऊन 'खडकासारखं भक्कम संगीत' म्हणतो, पुरवणीत कुणी 'खडकाळ सूर' लिहितं, आणि शाळेतली मुलं तेच खरं धरून चालतात. खडकाचं आपल्याला वावडं नाही. धुळे-नंदुरबारकडे काळ्या पाषाणाच्या भिंतीच्या भिंती जमिनीतून वर आलेल्या आहेत, मैलोन्‌मैल गेलेल्या आहेत. पण त्यांचा या गाण्यांशी संबंध नाही.

इंग्रजीत 'रॉक' हे दोन शब्द आहेत. लिहिणं एक, उच्चार एक, नातं शून्य. लग्नातला 'वर' आणि 'खाली-वर'मधला 'वर' यांची गल्लत मराठीत कुणी करत नाही, मग इथंच का व्हावी? दगडाचा रॉक फ्रेंचातून इंग्रजीत आला. संगीतातला रॉक हे क्रियापद आहे आणि ते जर्मानिक घराण्यातलं. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'रोक्कियन' असं होतं आणि त्याचा अर्थ होता पाळण्यातल्या लेकराला हलकेच हलवणं. ज्या संगीताच्या नावानं घराघरांतली वडीलधारी मंडळी कानावर हात ठेवत आली, त्याच्या नावाच्या बुडाशी अंगाई आहे. हा अर्थ पहिल्यांदा हाती लागला तेव्हा मला जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही.

'मग रोलिंग स्टोन्सचं काय?' असं लगेच विचारलं जातं. लंडनच्या त्या बँडच्या मंडळींनी १९६२मध्ये नाव घेतलं ते मडी वॉटर्स या अमेरिकन गायकाच्या १९५०च्या एका रेकॉर्डवरून, आणि त्यामागं इंग्रजीतली जुनी म्हण आहे, गडगडत्या दगडाला शेवाळ धरत नाही. तिथं दगड आहे, पण तो 'स्टोन' या स्वतःच्या नावानं आलेला आहे. आणि त्या नावातही महत्त्व गडगडण्याला आहे.

दुसरी चूक जास्त जाणकार लोक करतात, म्हणून ती मला जास्त खुपते. 'रॉक अँड रोल हा शब्द क्लीव्हलंडच्या अ‍ॅलन फ्रीड या रेडिओ निवेदकानं १९५१मध्ये घडवला' असं छातीठोक सांगितलं जातं. फ्रीडनं तो गावोगाव पोचवला, हे त्याचं श्रेय त्याला द्यावं. घडवला मात्र त्यानं नाही. ट्रिक्सी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेच्या १९२२च्या रेकॉर्डच्या नावातच 'रॉक' आणि 'रोल' दोन्ही बसलेले आहेत. १९३४मध्ये बॉस्वेल भगिनींनी एका चित्रपटात 'रॉक अँड रोल' याच नावाचं गाणं म्हटलं, आणि ते गाणं आहे समुद्रावरच्या हेलकाव्यांचं. कारण हा जोडशब्द मुळात दर्यावर्दी लोकांचा. सतराव्या शतकापासून इंग्रज खलाशी जहाजाच्या हलण्याला हे दोन शब्द लावत आले. आपल्याकडं तरी वेगळं काय? जहाजाच्या मधल्या खांबाला मराठीनं नाव दिलं 'डोलकाठी'. संस्कृत 'दोला' म्हणजे झोपाळा. त्यातूनच डोलणं, डोली, डोलारा. इंग्रज खलाशी जिथं 'रॉक' म्हणाला, तिथं कोकणातला तांडेल 'डोल' म्हणाला.

खान्देशात तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाच्या नाहीतर आंब्याच्या फांदीला दोर बांधला जातो, आणि झोक्यावर बसून जी गाणी म्हटली जातात त्यांची लय झोक्यानं ठरवलेली असते. झोका पुढं जातो तेव्हा ओळ सुरू होते, मागं येतो तेव्हा पुरी होते. आखाजीच्या एका जुन्या अहिराणी गाण्यात कैरी झोका खाते, मग ती कैरी तुटते, खडक फुटतो आणि झुळझुळ पाणी वाहू लागतं. झोका आणि खडक एकाच कडव्यात शेजारी-शेजारी! गाणाऱ्या बाईला कुणी व्याकरण शिकवलं नव्हतं, पण कुठला हलतो आणि कुठला फुटतो हे तिला चोख ठाऊक होतं.

आता चर्चकडं वळू. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये भजन रंगात आलं, की लोक उठून डोलू लागत, काहींचं भान हरपे. त्या अवस्थेलाही 'रॉक' हेच क्रियापद वापरलं जाई. याला मराठीत तंतोतंत शब्द आहे : घुमणं. श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत बाया फुगड्या खेळतात, नाचतात, आणि एखादीच्या अंगात येतं नि ती घुमू लागते. आवाजही घुमतो आणि अंगही घुमतं. काही विद्वान म्हणतात की ही दोन वेगळी क्रियापदं : आवाजाचं घुमणं हे 'घुम्‌ घुम्‌' या नादावरून, आणि अंगाचं घुमणं संस्कृत 'घूर्ण्'वरून. दुसऱ्या अर्ध्याबद्दल वाद नाही. हेमचंद्र या जैन पंडितानं बाराव्या शतकात प्राकृत व्याकरणात 'घूर्ण्'च्या जागी 'घुम्म' सांगून ठेवलंच आहे. पण पहिलं अर्ध मला पटत नाही, कधी पटलं नाही. संबळ वाजत असताना घुमणाऱ्या माणसाजवळ उभं राहून बघा. आवाज आधी की अंग आधी हे सांगता येत नाही. जिथं अनुभव एकच, तिथं कोशात दोन नोंदी करून काय साधतं? मी तरी हा एकच शब्द मानतो, आणि विजेच्या गिटारच्या आवाजाला 'घुमणारा' म्हणतो तेव्हा दोन्ही अर्थ एकदम मनात धरतो.

इथवर 'रॉक'चं झालं. खरी मौज 'रोल'मध्ये आहे.

'रोल' आला फ्रेंचमार्गे लॅटिन 'रोटुला'वरून, म्हणजे लहान चाक. 'रोटुला' हे 'रोटा'चं लहान रूप. 'रोटा' म्हणजे चाक. आणि या 'रोटा'चा सख्खा चुलतभाऊ संस्कृतात आहे : रथ. लिथुएनियन भाषेत चाकाला 'रातास' म्हणतात, तोही याच कुळातला. म्हणजे रॉक अँड रोलच्या नावात एक पाय पाळण्यात आहे आणि एक रथात.

इथं एक जण हटकून उठतो आणि 'मग आपला रहाटही रथावरूनच' असं म्हणतो. तसं नाही. रहाट आला 'अरघट्ट'वरून. 'अर' म्हणजे चाकाचा आरा. प्राकृतात त्याचं 'अरहट्ट' झालं, पुढं आरंभीचा 'अ' गळाला. विहिरीवरचं चाक ते. रथाशी त्याचं रक्ताचं नातं नाही, कामाचं आहे.

आणि आता माझं म्हणणं मांडतो. 'रॉक अँड रोल'ला मराठीत तयार शब्द आहे आणि तो जत्रेतल्या प्रत्येक पोराला माहीत आहे : रहाटपाळणा. पाळणा म्हणजे रॉक, रहाट म्हणजे रोल. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार बघून झाला, की पावलं पाळण्यांकडं वळतात. लाकडी, हातानं फिरवायचा, चार खोक्यांचा जुना रहाटपाळणा आठवा. फिरवणारा माणूस आऱ्याला हात घालतो, अंगाचं वजन टाकतो, चक्र गरगरतं. मग तो ते अडवतो, माणसं उतरवायला. चक्र जागच्या जागी थांबतं, पण सगळ्यात वरचं खोकं थांबत नाही, ते आपल्या खुंटीवर कुरकुरत डोलत राहतं. दोन गती आहेत, एक चाकाची आणि एक झुल्याची, आणि दोन्ही एकाच वेळी अंगाला लागतात. रॉक अँड रोलचा ठेका नेमका असाच बांधलेला असतो. ड्रमवाला चारचा ठेका गोल फिरवत ठेवतो आणि दुसऱ्या नि चौथ्या ठोक्यावर जोर देतो. त्या जोरानं ऐकणाऱ्याची मान झोका खाते. आपल्याकडं समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर मान हलवायची सवय. म्हणून पहिल्यांदा हे संगीत ऐकणारा माणूस टाळी चुकतो. दुसऱ्यावर आणि चौथ्यावर टाळी द्यायला शिकवा, की समोरचा पाळण्यात बसलाच म्हणून समजा.

योगायोग म्हणा, पण बॉस्वेल भगिनींचं ते १९३४चं गाणं ज्या चित्रपटात होतं त्याच्या नावातही 'मेरी-गो-राउंड' आहे. तो पाळणा आडवा फिरतो, आपला उभा. मला हा योगायोग फार मोलाचा वाटतो.

घरातली रेकॉर्डसुद्धा हेच करते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी १९४८मध्ये आली. खान्देशातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत एकावर एक आडवी रचून ठेवलेली तबकडी हमखास वाकते. ती लावून बघा. तबकडी गोल फिरते आणि सुईचा दांडा प्रत्येक फेऱ्याला वर चढतो, खाली उतरतो, पुन्हा वर चढतो. रोल खाली, रॉक वर. पण तुमच्या रेकॉर्डचं असं होऊ देऊ नका. त्या उभ्या ठेवा, भिंतीच्या थंड बाजूला.

'रॉक हा ऋक्‌वरूनच' असं सांगणारेही धुळ्यात मला भेटले आहेत, आणि ते इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव पुढं करतात. राजवाड्यांच्या धातुकोशाबद्दल मला अपार आदर आहे. तो याच गावातल्या संशोधन मंडळानं छापला, आणि त्या कोशानंच मला शब्दांचं वेड लावलं. पण आदर म्हणजे कुठलाही ध्वनी कुठल्याही धातूला बांधायचा परवाना नव्हे. 'ऋक्'च्या मागं 'अर्च्', म्हणजे स्तुती करणं. त्यात हलणं नाही, डोलणं नाही, पाळणा नाही. 'रोटा' आणि 'रथ' यांचं नातं मी मानतो, कारण तिथं अर्थ जुळतो, आवाजातले बदल नियमानं होतात आणि तिसऱ्या भाषेची साक्ष मिळते. यातलं काही नसताना केवळ कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडणं हा शब्दांवर अन्याय आहे.

आता 'अभिजात'. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून जुन्या प्रत्येक गोष्टीला हा शब्द चिकटवला जातो. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. 'क्लासिक'चा उगमही असाच. रोमन लोकांत मालमत्तेप्रमाणे वर्ग पाडलेले होते, त्यातले पहिल्या वर्गातले ते 'क्लासिकी'. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या रोमन लेखकानं हा शब्द उच्च दर्जाच्या लेखकाला लावला, आणि तिथून तो साहित्यात शिरला. तेव्हा भाषांतर म्हणून 'अभिजात' चूक नाही. पण हे संगीत कुणाच्या पोटी जन्मलं ते बघा. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्यांच्या. मडी वॉटर्स तिथल्या मळ्यात मजूर होता. १९४१मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीतं गोळा करणाऱ्या अभ्यासकानं त्याचं गाणं मुद्रित केलं ते त्या मळ्यात जाऊन. १९४३मध्ये तो शिकागोला गेला, गिटारला वीज जोडली, आणि इंग्लंडमधल्या पोरांनी त्याच्या रेकॉर्ड ऐकून पुढचं सगळं उभं केलं. कापूस वेचून बोटं कशी होतात ते चोपड्याला सांगायला नको. त्यांच्या गाण्याला 'कुलीन' म्हणताना माझी जीभ अडखळते.

'क्लासिकल रॉक' तर साफ चूक. क्लासिकल म्हणजे शास्त्रीय. डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडनं १९६९मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर कार्यक्रम केला, त्याला तो शब्द एक वेळ चालेल, इतरांना नाही. 'क्लासिक रॉक' हे अमेरिकन रेडिओवाल्यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेलं नाव. जे आधीच लोकांच्या काळजात बसलं होतं तेच पुन्हा वाजवायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्याला मी 'ठेवणीतलं रॉक' म्हणतो. ठेवणीतलं लुगडं, ठेवणीतली भांडी आपण म्हणतोच. जपून ठेवलेलं आणि खास दिवशीच बाहेर काढायचं. यात वयही आलं, माया आली, आणि कुळाचा प्रश्न आला नाही. पत्रिकेवर हेच छापा.

लिंगाचं थोडक्यात : 'रॉक ऐकलं', कारण मनात 'संगीत' असतं. 'प्रकार' मनात धरून 'रॉक ऐकला' म्हणणाराही चुकत नाही. 'रॉक ऐकली' मात्र नको. ऐकली ती रेकॉर्ड.