‘ब्लो-अप’ : रहस्यपट की गूढपट?

मिकेलांजेलो अंतोनियोनी यांच्या ‘ब्लो-अप’ (१९६६) या चित्रपटाविषयी लिहिताना काही जण त्याला रहस्यपट म्हणतात, तर काही जण गूढपट. यांपैकी कोणता शब्द योग्य, आणि ज्या कथेतील खुनाचा उलगडा शेवटपर्यंत होतच नाही तिला रहस्यपट म्हटल्याने वाचकाची दिशाभूल होत नाही का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझे मत रहस्यपट या शब्दाच्या बाजूने आहे आणि त्याची कारणे शब्दांत जितकी आहेत तितकीच चित्रपटाच्या रचनेतही आहेत.

मराठीत या दोन शब्दांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या मुख्यतः कथेच्या प्रांतात. बाबूराव अर्नाळकर यांच्यासारख्या लेखकांमुळे रहस्यकथा म्हटले की गुन्हा, संशयित, धागेदोरे आणि अखेरीस उकल हा क्रम वाचक गृहीत धरू लागला. उलट रत्नाकर मतकरी यांच्यामुळे घरोघरी पोहोचलेल्या गूढकथेत स्पष्टीकरण अपुरे राहिले तरी वाचकाची तक्रार नसते, किंबहुना ते अपुरेपण हाच तिचा परिणाम असतो. एवढ्यावरून शेवट बंद असेल तर रहस्य आणि मोकळा असेल तर गूढ, असा सोपा नियम करण्याचा मोह होतो. पण आजच्या वापरात गूढ या शब्दाबरोबर अतींद्रियाची चाहूल येते, हे या नियमात विसरले जाते. जे बुद्धीच्या पलीकडचे आहे किंवा निदान तसे भासते, त्याला आपण सहजपणे गूढ म्हणतो. ‘ब्लो-अप’मध्ये तसे काहीही नाही. तेथे आहेत ते कॅमेरा, निगेटिव्ह, डार्करूम आणि भिंतीवर टाचलेले कागद.

या चित्रपटाला जिच्यावरून स्फूर्ती मिळाली त्या हुलिओ कोर्तासार यांच्या कथेशी ताडून पाहिले की हा फरक लख्ख दिसतो. १९५९च्या संग्रहातील ही स्पॅनिश कथा पॅरिसमध्ये घडते आणि तिच्यात खून नाही. भिंतीवर लावलेले मोठे केलेले छायाचित्रच तेथे हलू लागते, त्यातील माणसे वावरू लागतात, आणि सांगणारा जिवंत आहे की मृत याविषयीही वाचकाला खात्री उरत नाही. या कथेला मराठीत गूढकथाच म्हणावे लागेल. अंतोनियोनींनी ती लंडनला नेली, चालते-बोलते छायाचित्र काढून टाकले आणि त्याच्या जागी प्रेत ठेवले. म्हणजे गूढाकडून रहस्याकडे त्यांनी जाणूनबुजून पाऊल टाकले. मूळ सामग्री हाताशी असताना केलेला हा बदल प्रकार ठरवताना दुर्लक्षिता येत नाही.

त्या मधल्या प्रदीर्घ प्रसंगाकडे जरा जवळून पाहू. फॅशनच्या दुनियेतील एका छायाचित्रकाराने उद्यानात एका जोडप्याची छायाचित्रे काढली आहेत. आपल्या पुस्तकाच्या शेवटी काहीतरी शांत हवे म्हणून त्याला ती आवडली आहेत. प्रिंट भिंतीवर टाचल्यावर त्याच्या लक्षात येते की मिठीत असलेल्या बाईची नजर त्या पुरुषाकडे नसून दूर कुंपणाच्या दिशेने आहे. तो त्या नजरेचा माग काढतो, भिंग लावून पाहतो, नेमक्या जागेवर चौकोन आखतो आणि तेवढाच भाग मोठा करतो. झाडीत एक चेहरा आणि पिस्तूल धरलेला हात दिसू लागतो. आपण एका माणसाचा जीव वाचवला असे वाटून तो उत्साहाने मित्राला फोन करतो. पुढे आणखी एक प्रिंट मोठी केल्यावर झुडपापाशी आडवी आकृती दिसते. या शोधात पार्श्वसंगीत नाही, ऐकू येते ती केवळ उद्यानातल्या झाडांची सळसळ. एकेक धागा जुळवत जाण्याची ही रीत अस्सल रहस्यकथेची आहे.

फरक पडतो तो पुराव्याच्या स्वभावामुळे. निगेटिव्हमध्ये जे उमटलेले नाही ते मोठे केल्याने येत नाही, मोठे होतात ते फक्त फिल्मवर प्रतिमा घडवणारे चांदीचे कण. प्रिंटचेच पुन्हा छायाचित्र घेऊन ते मोठे केले तर आकृती आणखी फुटते. स्टुडिओतून सर्व छायाचित्रे आणि निगेटिव्ह चोरीला जातात तेव्हा मागे राहते ती नेमकी सर्वांत दाणेदार झालेली प्रेताची प्रिंट, आणि ती पाहून शेजारीण म्हणते की हे तर आपल्या चित्रकार जोडीदाराच्या अमूर्त चित्रासारखे दिसते. रहस्य आहे, प्रेत रात्री त्याने स्वतः पाहिले आहे, पण दुसऱ्याला दाखवता येईल असे काही उरलेले नाही.

रहस्य या शब्दाची व्युत्पत्तीही येथे उपकारक ठरते. संस्कृतात ‘रहस्’ म्हणजे एकांत, आणि जे एकांतातले, चारचौघांपासून राखलेले, ते रहस्य. उद्यानात ती बाई छायाचित्रकाराला अडवते तेव्हा तिचा आक्षेप असा असतो की जागा सार्वजनिक असली तरी निवांत राहू दिले जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो एकांत कॅमेऱ्याने मोडला आणि त्यातूनच पुढचे सगळे उद्भवले. शब्दाचा हा जुना अर्थ चित्रपटाला इतका चपखल बसतो की गूढपट म्हणून तो गमावणे मला पटत नाही. शिवाय लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’त रहस्य म्हणजे मर्म. तेथे कोडे नाही आणि त्याची उकलही नाही. तेव्हा उकल नसेल तर रहस्य नाही, असे मराठीत कधीच नव्हते.

लिहिताना खरी काळजी घ्यायची ती क्रियापदांच्या बाबतीत. छडा लावणे यात पोलिसी चिकाटी आहे, आणि हा नायक तर पोलिसांकडे जातच नाही. उकल म्हणजे गाठ सोडवणे, ती तो अर्धवट करतो. उलगडा आपोआपही होऊ शकतो, पण येथे तोही होत नाही, कारण सकाळी तो कॅमेरा घेऊन परततो तेव्हा गवतावर प्रेत नसते. या चित्रपटाच्या परिचयात ‘रहस्याचा छडा लावणारा छायाचित्रकार’ असे लिहिणे चुकीचे आहे; ‘खुनाचा सुगावा लागलेला छायाचित्रकार’ हे नेमके आहे. सुगाव्यात खात्री अभिप्रेत नसते.

गूढ हा शब्द टाकून द्यावा असे मात्र नाही, विशेषण म्हणून तो शेवटच्या प्रसंगासाठी खुशाल वापरावा. मूकाभिनय करणारी तरुण मंडळी रॅकेट आणि चेंडू नसताना टेनिस खेळतात, कुंपणाबाहेर गेलेला तो न दिसणारा चेंडू छायाचित्रकार उचलून परत फेकतो, आणि त्यानंतर चेंडूचे टप्पे आपल्याला ऐकू येऊ लागतात.